ओळीबाहेरची बोडी

वैशाखातली दुपार होती आणि राजकुमारला सावली सोडायची नव्हती. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथून आहे. कोणी नशिबाला दोष दिला, कोणी देवाला, कोणी शिकलेल्या सुनेला. पण आधी नाव घ्यायला पाहिजे ते त्या मोहाच्या झाडाच्या सावलीचं.

राजकुमार म्हणजे मशीनवाला. सरकारी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालवणाऱ्यांची शेतं मोजायला ठेक्यावर पाठवलेला वरठीकडचा पोरगा. आंधळगावच्या पलीकडं धनीरामचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आणि टोल्यातली निम्मी जमीन कागदावर झुडपी जंगल. धनीरामच्या आज्यानं पळस-बोरी खणून दोन एकरांच्या भाताच्या बांध्या पाडल्या, वरच्या अंगाला पाणी धरायला बोडी खोदली. तेव्हापासून या घराच्या पोटात त्याच बांध्यांचा भात गेला, तरी कागद म्हणे जंगल. आता सरकार म्हणत होतं, तुमचा ताबा दाखवा, नकाशा होऊ द्या, पट्टा देतो. तोही नवराबायको दोघांच्या नावानं.

निर्मलाबाईचं नाव आजवर रेशनकार्ड सोडून कुठं लागलं नव्हतं. हे ऐकल्यापासून तिनं चुलीपुढं बसून धनीरामला किती वेळा विचारलं असेल, "माह्यंही नाव येते म्हणतेत ना जी?" तो नुसता हसायचा. पण हसताना त्याचं नाकारणं नसायचं, एवढं तिला कळत होतं.

मोजायची रीत अशी, की हातात मशीन धरून शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, हद्दीच्या बांधावरून, चालायचं आणि प्रत्येक वळणावर उभं राहून बटण दाबायचं. आभाळातले उपग्रह ती जागा पकडतात. सगळ्या जागा जोडल्या की शेत तयार. चालायचं राजकुमारनं, घरच्यांनी सोबत राहून हद्द दाखवायची. पण त्या दिवशी सकाळपासून फिरून तो तांब्यासारखा लाल झाला होता. मोहाखाली त्यानं बूट काढले, गडवाभर पाणी पोटात ओतलं, धनीरामला गप्पा मारायला शेजारी बसवलं आणि मशीन रक्षाच्या हाती दिलं.

"तुम्ही शिकलेल्या आहा वहिनी. धुऱ्यानं चालजा, वळणावर हे दाबजा. झालं."

रक्षा धनीरामची सून. बारावी झालेली, पाचवा महिना लागलेला. तिचा नवरा निकेश तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा, आठवड्याला घरी यायचा. मशीन म्हणजे पंजाएवढी पिवळी डबीच होती, पण रक्षानं ती दिवा धरल्यासारखी दोन्ही हातांत धरली. पुढं सासू, मागं सून. ऊन असं की धुऱ्यावरची माती चपलेतून चटके देत होती. तीन बाजू सरळ झाल्या. प्रत्येक वळणावर रक्षा थांबायची, दाबायची, मशीन टिंग करायचं, आणि निर्मलाबाई उगाच आभाळाकडं पाहायची.

मग वरचा कोपरा आला.

तिथं धुरा बोडीच्या पाळीला, तिच्या मातीच्या भिंतीला, मिळतो. पाळीवर चढायचं, बोडीला मागून पुरा वळसा घालायचा आणि पलीकडच्या धुऱ्यावर उतरायचं, अशी त्यांची हद्द. पण धुरा जिथं पाळीला मिळतो, तिथंच पाळीच्या पोटात निर्मलाबाईची पहिली पोरगी पुरलेली होती. बारसंही झालं नव्हतं तिचं. कच्चं लेकरू जाळत नाहीत, आणि भर पावसात कोरडी माती होती ती पाळीचीच. धनीराम तेव्हा बाहेरगावी कामावर. तिचा सासरा एकटाच फडक्यात बांधून घेऊन गेला, वर बोरीचे काटे टाकून आला आणि घरी येऊन अंगावर पाणी ओतून घेतलं. बाळंतिणीला कोण नेतं? तिनं काटे पाहिले ते नंतर, लांबून. तेव्हापासून त्या जागेला नांगर लागला नाही. दर उन्हाळ्यात बोडीतला गाळ काढून पाळीवर चढवायचे, पण तेवढ्या तुकड्यावर कोणी टोपलं उलटं केलं नाही. झुडपं माजली, त्यांची झाडं होऊन लहानशा बोडीवर झुकली. आणि पोटुशी बाईनं तर ती जागा ओलांडायचीच नाही. गेलेलं लेकरू पोटातल्याला खेळायला बोलावतं, टोल्यातली कोणतीही म्हातारी हे छातीवर हात ठेवून सांगेल.

निर्मलाबाईनं सुनेचं मनगट धरलं. "उतर खाली. बांधीतून ये."

"धुऱ्यानं चाला म्हणलं ना आई त्यानं?"

"त्या मशीनले वरून दिसते म्हणतेत ना? मंग दिसलंच सगळं. तू उतर."

रक्षानं बोरीच्या झाडांकडं पाहिलं. मग जिथून उतरली तिथं तिनं दाबलं. दोघी बोडीच्या खालच्या बांधीतून तिरप्या गेल्या, पलीकडच्या धुऱ्यावर चढल्या, तिथं दाबलं. मोहाखालून हे काही दिसलं नाही, मधे झाडं होती. राजकुमारनं मशीन पाहिलं, झालं म्हणाला, बूट घातले आणि पुढच्या शेतावर गेला. निर्मलाबाईला वाटलं, नातवावरची एक पीडा टळली. तिनं संध्याकाळी मारुतीपुढं उदबत्ती लावली.

मृग बरा बरसला. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकले, ते वीतभर वर आले. आणि पावसानं तोंड फिरवलं. आषाढ अर्धा सरला तरी ढग येत, दम देत आणि सिहोऱ्याकडं निघून जात. रोवणीला चिखल नाही. पऱ्ह्यांचे शेंडे आधी पिवळे, मग तांबूस झाले. बोडीत पाणी होतं, पण तळाला गेलेलं, पाळ कापल्याबिगर आपसूक बांधीत उतरणार नाही असं. म्हणून धनीरामनं भाच्याचं पाणी खेचायचं इंजिन बैलगाडीवर घालून आणलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून पाईप बसवत होता. निर्मलाबाई डब्यात भात घेऊन आली होती.

मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि जंगल खात्याचा गार्ड पाळीवर येऊन उभा राहिला. नवीन होता, चंद्रपूरकडचा, तिशीतला, बोलायला मऊ. त्यानं धनीरामला बाहेर यायला सांगितलं आणि विचारलं, आपण कुठं आहो माहीत आहे का.

"माह्या बोडीत आहो जी."

गार्डनं मोबाईल पुढं केला. त्यावर हिरवा-करडा नकाशा, त्यात एक पिवळी ओळ आणि एक निळा ठिपका. ठिपका लुकलुकत होता. "हा ठिपका म्हणजे आपण. ही पिवळी ओळ म्हणजे तुमचं शेत. तुमच्याच घरच्यांनी चालून काढलेली. आपण ओळीच्या बाहेर आहो काका. जंगलात."

धनीराम आधी हसला. मग गार्ड हसला नाही म्हणून त्यानंही हसू आवरलं. त्यानं मोबाईलकडं पाहिलं, मग पाण्यातल्या आपल्या पायांकडं पाहिलं, जणू ते पाय दुसऱ्या कोणाचे असावेत. पाऊल उचलून एक हात पुढं ठेवलं आणि पुन्हा मोबाईलकडं पाहिलं. ठिपका जिथं होता तिथंच.

निर्मलाबाई डबा घेऊन जवळ आली आणि वाकून पाहू लागली. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती ओळ तिला वाचता आली. तीन बाजूंनी शेतासारखी, आणि वरच्या कोपऱ्यात कुत्र्यानं भाकरीचा लचका तोडावा तशी. तिथं ओळ धुऱ्यावरून खाली उतरली होती, तिरपी गेली होती, पलीकडं चढली होती. ती तिची चाल होती. सुनेचं मनगट धरून ती जशी चालली तशीच्या तशी आभाळात कोणीतरी लिहून ठेवली होती. तिनं डबा पाळीवर टेकवला.

गार्ड वाईट माणूस नव्हता, म्हणूनच जास्त राग येतो. तो शिव्या देत नव्हता, पैसे मागत नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, की ओळीबाहेरच्या पाण्याला हात लावला तर गुन्हा दाखल करावा लागेल, आणि गुन्हा झाला की सगळा दावाच खारीज, दोन्ही एकर. मग त्यानं इंजिनाचं हँडल उचललं, जे फिरवून इंजिन सुरू होतं ते, आणि जप्ती म्हणून मोटरसायकलच्या पिशवीत खोचलं. इंजिन जड होतं म्हणून तिथंच सोडलं. धनीराम मागं मागं चार पावलं गेला, हात जोडलेले, धोतराचा काठ पाण्यानं पिंडरीला चिकटलेला. स्वतःच्या बोडीतून निघताना त्यानं परक्याच्या अंगणातून निघावं तसं अंग चोरलं.

घरी येऊन तो रक्षावर बरसला. हात उगारला नाही, पण बोलण्यात काही शिल्लक ठेवलं नाही. बारावी शिकली आणि सरळ धुऱ्यानं चालता येत नाही, बापानं काय शिकवलं, तंगड्या दुखत होत्या तर मशीन घेतलं कायले. शेजारच्या सत्यभामाबाईनं कुडावरून ऐकलं आणि पाणवठ्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी टोल्यातल्या बाया रक्षाकडं पाहून बोलत होत्या, की हिला मोबाईल तर बरा चालवता येते. रक्षानं सासूकडं एकदाच पाहिलं, तेही सांगा म्हणून नाही, फक्त पाहिलं. निर्मलाबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. त्या क्षणी बोलली असती तर सुनेचं तोंड उजळ राहिलं असतं. नाही बोलली. लाज आडवी आली.

धनीराम आणि श्यामराव तालुक्याला गेले. श्यामराव म्हणजे टोल्याच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष, पांढऱ्या टोपीचा, तोंडात सतत तंबाखू, पण माणसाच्या कामी येणारा. दोघांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. एकानं सांगितलं साहेब मीटिंगमध्ये, एकानं विचारलं की स्वतःच्या शेताला स्वतः फिरता आलं नाही का तुम्हाला, आणि बाकीचे हसले. श्यामराव परत येऊन म्हणाला, की तिथं धनीरामनं पाणीही मागितलं नाही, कोणी नाही म्हणेल म्हणून. शेवटी एवढं मिळालं की एकदा, एकदाच, दुबार मोजणी होईल. गार्डसमोर. दावेदारानं पुरी हद्द चालायची.

वाट पाहण्यात पऱ्हे जळत होते. एका सकाळी धनीराम पऱ्ह्यांच्या बांधीत उकिडवा बसून एक रोप उपटून पाहत होता. शेंडा गेलेला, पण मूळ अजून पांढरं. त्याला ते बोटात फिरवताना पाहून निर्मलाबाईला राहवलं नाही. ती त्याच्या पाठीमागं उभी राहून बोलली, समोरून बोलायची हिंमत नव्हती.

"रक्षानं नाही कापला कोपरा. मी उतरवली तिले."

त्यानं का म्हणून विचारलं. तिनं बोरीच्या झाडांकडं हात केला. त्यानं रोपाच्या मुळाची माती अंगठ्यानं पुसली.

"मले आवाज द्यायचा. मी चाललो असतो."

"तुम्ही चालले असते? इतक्या वर्षात कधी गेले तिकडं?"

त्या पोरीबद्दल दोघं उभ्या आयुष्यात इतकंही बोलले नव्हते. त्यानं ते रोप पुन्हा कोरड्या मातीत खोचलं, जे जगणार नव्हतं, आणि घराकडं गेला. सुनेला काही म्हणाला नाही. माफी मागायची रीत टोल्यातल्या पुरुषांना कोणी शिकवलेली नाही. फक्त जेवताना म्हणाला, भात तिले आधी वाढ.

मोजणीच्या दिवशी ढग होते, पण वांझ. राजकुमार आला, गार्ड आला, श्यामराव आला. निर्मलाबाईनं रक्षाला घरीच राहा म्हणून सांगितलं होतं. आठवा लागला होता, पाय सुजले होते. तरी ती मागून आली आणि बांधीच्या अलीकडं थांबली. या वेळी राजकुमारनं सावली धरली नाही. गेल्या वेळच्या कामावरून त्याला बोलणी बसली असावीत. स्वतः मशीन धरून भराभर तीन बाजू चालला. कोपऱ्याशी आला, काटे पाहिले, आणि विचारलं इथं काय आहे. श्यामरावनं सांगितलं.

पोरगा दोन पावलं मागं सरला. इतका वेळ इंग्रजी शब्द फेकत होता, ते गळून पडले. "माह्याही बायकोले दिवस आहेत, काकू," तो म्हणाला. "मी नाही चढत तिथं."

गार्डला विचारलं, तर तो म्हणाला की मी मशीन धरलं तर उद्या म्हणाल खात्यानंच ओळ वाकडी केली. दावेदारानंच धरावं. धनीरामनं हात पुढं केला. मशीन हातात आलं. तो धुऱ्याच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. पाय पुढं टाकायला जाई आणि टाच जमिनीवरून सुटत नसे. साठीचा माणूस, उभा जन्म सापाविंचवात काढलेला. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता आणि सगळे त्याच्याकडं पाहत होते. मग कोणी त्याच्याकडं पाहिनासं झालं.

निर्मलाबाईनं मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं. चपला काढल्या. काटे हातानंच बाजूला सारले, एक तळव्यात मोडला. आणि ती पाळीच्या त्या तुकड्यावर चढून उभी राहिली.

"हलू नका," राजकुमार लांबून म्हणाला. "आकडा म्हणजे किती मीटरची चूक ते. पाचाच्या खाली आला की दाबजा. वर झाडं आहेत, वेळ लागन."

आकडे तिला नोटांमुळं येत होते. एकावर चार. ती मोठ्यानं सांगत होती. एकावर एक. पुन्हा एकावर तीन. वर बोरीची फांदी, तिच्या फटीतून आभाळाचं एवढंसं ठिगळ, आणि मशीनला म्हणे तेवढं आभाळ पुरत नव्हतं. माती मऊ होती. टाचा रुतत होत्या. तिला अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घ्यायचा होता, पण घेतला नाही. भार कुठं पडतो आहे, डोक्यावर की पायांवर, हे तिला माहीत नव्हतं. कोणत्या अंगाला निजवली होती, सासऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. मुंग्या पोटरीवर चढल्या. नऊ. छातीत दूध आल्यासारखं काहीतरी ओढलं गेलं, या वयात, आणि ती घाबरली. सात. नऊ. सहा. चार.

तिनं दाबलं. मशीन टिंग झालं.

मग ती पाळीवरून पुढं गेली, बोडीला मागून वळसा घातला, जिथं सांगितलं तिथं दाबलं आणि पलीकडं उतरली. राजकुमारनं सगळं मोबाईलमध्ये घेतलं. पिवळी ओळ नव्यानं उमटली, कोपरा भरलेली, बोडीला पोटाशी धरून. श्यामरावनं तंबाखू थुंकली आणि झालं म्हणाला. धनीरामनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ सरळ केली आणि गार्डला हँडलचं विचारलं.

गार्ड मोबाईलवर काहीतरी करत होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "जुनं चित्र लावून पाहावं लागतं." त्यानं सांगितलं, की ओळ नुसती चालून होत नाही, ज्या सालाच्या आधीचा ताबा धरतात त्या सालचं वरून काढलेलं चित्र खात्याकडं आहे, ओळ त्याच्यावर बसली पाहिजे. त्यानं चित्र लावलं आणि सगळ्यांनी वाकून पाहिलं. बांध्या दिसत होत्या, करड्या, चौकोनी, धुऱ्यांसकट. एवढंच काय, मोहाचं झाडही दिसत होतं. आणि वरच्या कोपऱ्यात एक गर्द हिरवा डाग.

"इथं शेती नाही," गार्ड म्हणाला. "जंगल आहे."

"बोडी आहे ना साहेब तिथं," श्यामराव म्हणाला. "माह्या डोळ्यापुढं आहे."

"झाडांखाली असेल. चित्रात नाही."

श्यामरावनं विचारलं, झाडं तोडली तर. गार्ड म्हणाला, आता तोडून काय, चित्र तेव्हाचं आहे. आणि तोडाल तर तो वेगळा गुन्हा. हे तो खरंच वाईट वाटून म्हणाला.

निर्मलाबाईला समजायला वेळ लागला. मग समजलं तसं ते एकदम अंगावर आलं. नांगर वळवला होता. धनीरामनं वळवला, त्याच्या बापानं वळवला, बैलांनाही सवय लागली होती. दरसाल तेवढी जागा सोडली, आणि सोडली म्हणून झुडूप वाढलं, आणि वाढलं म्हणून वरून पाहणाऱ्यानं लिहिलं, इथं माणसं नाहीत. आभाळातून मोहाचं झाड दिसलं. माय दिसली नाही, लेकरू दिसलं नाही. असल्या डोळ्याला सरकार पुरावा म्हणतं.

धनीराम खाली बसला. गार्ड आणि राजकुमार मोटरसायकलींकडं वळले. निर्मलाबाई इंजिनाजवळ गेली, तिथं पडलेलं फावडं उचललं आणि पुन्हा त्या कोपऱ्यावर चढली. पाळ सगळीकडं छातीएवढी जाड होती. पातळ होती ती तिथंच, कारण तिथं कधी माती पडली नव्हती. बोडीतलं पाणी खाली काढायचं तर कापायला जागा तीच. तिनं साडी खोचली आणि पहिला घाव घातला.

"बयाड झाली का तू?" धनीराम ओरडत उठला. "दावा जाईन सगळा."

"बोडीबिगर बांध्या घेऊन काय करता जी? नाव लावून चाटता?"

तो धावत आला खरा, पण धुऱ्याच्या टोकाशी, मघा जिथं थांबला होता तिथंच, पुन्हा थांबला.

गार्ड परत आला, मागोमाग राजकुमारही. गार्डनं मोबाईल काढून तिच्याकडं धरला. त्यानं काढला तो फोटो असा, की त्याच्या खाली जागा आणि वेळ आपोआप छापून येते. थांबा बाई, तुम्ही जंगलाच्या हद्दीत आहा, असं तो म्हणत राहिला, आवाज न चढवता.

"जंगलात आहो ना मी?" ती म्हणाली, घाव घालता घालता. "मंग वाघीण पाणी प्याले आली म्हणून लिहा. तिच्यावर केस नाही करत तुम्ही."

ती खणत गेली. वरची माती, मग बोरीची मुळं, मग काळा, चिकट थर. आता दर घावाला ती फावडं हळू टाकू लागली. आता लागेल, आता काही पांढरं दिसेल, फडक्याची चिंधी निघेल, म्हणून तिनं फावडं बाजूला ठेवलं आणि हातांनी माती उकरायला लागली. कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं. मूळ. खडा. पुन्हा मूळ. डावीकडं उकरलं, उजवीकडं उकरलं. गार्डनं मोबाईल खाली केला होता. श्यामरावनं तोंड फिरवलं होतं.

काही निघालं नाही. कवटी नाही, हाडाचा तुकडा नाही, चिंधी नाही. इतक्या वर्षांत मातीनं खाल्लं, की कोल्ह्यांनी तेव्हाच उकरून नेलं, की सासऱ्यानं पावसात दुसऱ्याच जागी पुरून इथं नुसते काटे टाकले, हे सांगायला आता कोणी जिवंत नव्हतं. ती खड्ड्यात गुडघ्यांवर बसून राहिली, दोन्ही तळवे उताणे, त्यांच्यावर माती.

मग पलीकडची पातळ कड आपणच ढासळली आणि पाणी आलं. आधी मांडीला लागलं, गढूळ, कोमट, मग तिला वळसा घालून खाली बांधीत उतरलं. धनीराम तसाच उभा. राजकुमारच्या हातातलं मशीन अजून चालू होतं, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

बांधीच्या पलीकडून रक्षानं हाक मारली, आई, उठा, पाळ ढासळून राहिली. एक हात पोटावर, एक हात पुढं केलेला. मधे तो कापलेला कोपरा, त्यातून वाहणारं पाणी.

निर्मलाबाईनं मान वर केली. तिचा चेहरा असा होता की श्यामरावनंही नंतर कोणाला त्याच्याबद्दल सांगितलं नाही.

"ये इकडूनच," ती म्हणाली. "इथं काही नाही."

रक्षा जागची हलली नाही. पाणी पऱ्ह्यांपाशी पोचलं होतं.